सातव्या कॉलमची राखण

मैत्रबन सोसायटीच्या गच्चीवर आणि तळमजल्यावर करड्या रंगाच्या पाट्या बसवून तेवीस दिवस झाले होते. चोविसाव्या दिवशी सकाळी विकास मंडळाच्या अभियंता रुचिरा देवळे अहवाल घेऊन आल्या, तेव्हा सोसायटीच्या सचिव मयूरी सावे यांनी ऑफिसात चहाबरोबर पेढेही मागवून ठेवले होते. अहवाल चांगलाच येणार अशी त्यांची खात्री होती.

खारनगर हे खाडीत भराव टाकून वसवलेलं शहर. घरं लोकांची, पण त्यांच्याखालची जमीन मंडळाची, साठ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर दिलेली. मैत्रबनच्या पट्ट्याचे चौदा महिने उरले होते. एवढा थोडा पट्टा उरलेल्या घराला बँक कर्ज देत नाही आणि गिऱ्हाईक दारात उभं राहत नाही. मयूरी दोन वर्षं पट्टा वाढवून घेण्याच्या मागे लागली होती. जुने नकाशे शोधणं, बत्तीस बिऱ्हाडांच्या सह्या गोळा करणं, मंडळाच्या खिडक्यांपुढे उभं राहणं, सगळं तिने एकटीने केलं होतं.

त्यात तिचा स्वतःचाही हेतू होता. ती सत्तावन्न वर्षांची होती. तीस वर्षं एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ म्हणून नोकरी करून गेल्या वर्षी निवृत्त झाली होती. लग्न केलं नव्हतं. दुसऱ्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट आईने घेतलेला, आईच्या पश्चात तिच्या नावावर झालेला. चार वर्षांपूर्वी केळव्याला शाळेच्या जुन्या मुलांचा मेळावा झाला, तिथे प्रफुल्ल वर्तक भेटला. दहावीपर्यंत एका वर्गात होता, पुढे गाळ उपसणाऱ्या जहाजांवर आयुष्य काढलं, बायको जाऊन सहा वर्षं झालेली. दोघांनी ठरवलं होतं की मयूरीने फ्लॅट विकायचा आणि केळव्याच्या त्याच्या घरी राहायला जायचं. पट्टा वाढला की लगेच.

देवळेबाईंनी चहा घेतला, पेढ्याला हात लावला नाही. टेबलावर त्यांनी इमारतीचं एक चित्र उलगडलं. निळसर धुरात उभे केलेले अठरा खांब दिसत होते. खांबांच्या आत सळया केसांसारख्या बारीक, पण स्पष्ट.

हे चित्र कसं काढलं ते त्यांनी समजावून सांगितलं. अवकाशातून येणारे वेगवान कण वरच्या हवेवर आदळतात, तेव्हा म्युऑन नावाचे कण तयार होतात आणि पावसासारखे खाली येत राहतात. आपल्या तळहातातून दर सेकंदाला एखाद-दुसरा आरपार जातो आणि आपल्याला पत्ता लागत नाही. भिंती, काँक्रीट, लोखंड, सगळ्यातून ते जातात. फक्त जिनसेच्या घनतेप्रमाणे त्यांची वाट किंचित वाकते. लोखंडातून जाताना जास्त, गंजातून जाताना कमी. वरच्या पाटीवर कण कुठे शिरला आणि खालच्या पाटीवर कुठे निघाला हे लाखो वेळा नोंदवलं की आतला सगळा सांगाडा दिसतो, एकही वीट न फोडता. त्यावरून इमारत अजून किती वर्षं उभी राहील याचा आकडा काढता येतो. दोन वर्षांपासून मंडळाचा नियमच होता: यंत्र जेवढी वर्षं देईल तेवढाच पट्टा वाढेल. आकडा दहाच्या खाली आला, तर पट्टा संपताच इमारत रिकामी करायची.

"सतरा कॉलम चांगले आहेत," देवळेबाई म्हणाल्या. "पंचवीस-सव्वीस वर्षं कुठे गेली नाहीत. हा एक सातवा. दुसऱ्या आणि तिसऱ्या स्लॅबच्या मध्ये सळई जवळजवळ खाल्ली गेली आहे. याला चार वर्षं आहेत. आणि इमारतीचा आकडा सगळ्यांत कमजोर कॉलमवरून ठरतो."

सातवा कॉलम मयूरीच्या बेडरूमच्या कोपऱ्यात होता.

त्या आठवड्यात सोसायटीच्या तीन सभा झाल्या. इमारत पाडून नवी बांधायला कोणी बिल्डर तयार नव्हता, कारण प्लॉट लहान होता. कॉलमला पोलादी वेष्टन घालायचं, तर सगळी बिऱ्हाडं दोन वर्षांसाठी हलवावी लागणार होती आणि दोन वर्षं जायचं कुठे हे कोणालाच माहीत नव्हतं. अध्यक्ष विवेक बोऱ्हाडे एरवी बोलघेवडे गृहस्थ. तिसऱ्या सभेत तेही खाली बघत बसले होते. त्या सभेत देवळेबाईंनी तिसरा मार्ग सांगितला.

लोणारच्या खाऱ्या सरोवरातून काही जिवाणू वेगळे काढून प्रयोगशाळेत वाढवले होते. काँक्रीटच्या आतल्या दाहक वातावरणात इतर जीव टिकत नाहीत, हे टिकतात. त्यांना कॅल्शियमचं एक विरघळणारं मीठ खायला दिलं की ते चुना तयार करतात आणि आतल्या भेगा बुजतात. शिवाय ते आतला ऑक्सिजन वापरून टाकतात, त्यामुळे गंज थांबतो. भेग बुजली, ओल संपली की ते स्वतःभोवती टणक कवच करून झोपी जातात. कॉलममध्ये अकरा बारीक नळ्या बसवायच्या, त्यातून हे खाणं सोडायचं, आणि खोली चौतीस अंश उष्ण आणि सतत दमट ठेवायची.

अडचण एकच होती. जिवाणू चुना करतात तो नळ्यांच्या तोंडाशीही करतात. पंप चालू असला तरी तोंड बंद होतं. म्हणून दर आठ तासांनी कोणीतरी प्रत्येक नळी काढून, सौम्य आम्लात धुऊन परत बसवायला हवी. मंडळाच्या नियमावलीत त्या माणसासाठी 'निवासी पालक' असा शब्द होता. पालक त्याच घरात राहणारा हवा. दारावरच्या यंत्रात त्याच्या अंगठ्याची जाता-येता नोंद होणार. तो सलग बहात्तर तासांपेक्षा जास्त बाहेर राहिला, तर पट्टा स्थगित.

"हे मान्य असेल तर मंडळ उद्याच पंचवीस वर्षांचा पट्टा देईल, उपचाराच्या अटीवर," देवळेबाई म्हणाल्या. "बाकीच्यांना घर विकता येईल, कर्ज मिळेल. फक्त पालकाचा फ्लॅट उपचार पूर्ण होईपर्यंत विकता येणार नाही."

किती दिवस, असं मयूरीने विचारलं. दीड वर्ष, असं उत्तर आलं. सभेत कोणी तिच्याकडे थेट पाहत नव्हतं. बोऱ्हाडे फक्त एवढंच म्हणाले की जिवाणू सांभाळण्यात जिने तीस वर्षं घालवली तिच्याच घरात हा कॉलम असावा, हे आमचं नशीब. वरच्या मजल्यावरची समीना मुजावर दोनच वर्षांपूर्वी, हे घर बँक तारण घेत नाही म्हणून नवऱ्याच्या पगारावर कर्ज काढून, इथे राहायला आली होती. ती पाठीमागे बसून डोळे पुसत होती. मयूरी हो म्हणाली.

प्रफुल्लने फोनवर सगळं ऐकून घेतलं. दीड वर्ष म्हणजे फार नाही, असं तो म्हणाला. तोवर विहिरीचा कठडा बांधून घेतो.

पहिले सहा महिने मयूरीला त्या कामात गोडी वाटली. सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा. रबरी हातमोजे घालून ती नळ्या काढायची, धुवायची, बसवायची. खायला घालायचं पांढुरकं पाणी तिने 'पेज' म्हणायला सुरुवात केली आणि हळूहळू सगळी इमारत तेच म्हणू लागली. सोसायटीने अभिनंदनाचा फलक लावला. कोणी डबा पाठवायचं, कोणी तिची भाजी आणून द्यायचं. तीन महिन्यांनी पाट्यांनी पुन्हा मोजलं तेव्हा चारचा आकडा सात झाला. त्यानंतर अकरा. त्या दिवशी समीना शिरकुर्मा घेऊन आली आणि कॉलमला हात लावून बघू का म्हणून विचारलं. कॉलम गरम होता, आजारी माणसाच्या कपाळासारखा.

मयूरीने पलंग बाहेरच्या खोलीत आणला होता. तरी वाफ दाराखालून यायची. कपाटातल्या साड्यांवर बुरशीचे ठिपके आले. पुस्तकं फुगली. तिच्या स्वतःच्या अंगाला कायम ओल्या चुन्याचा वास यायला लागला, बाहेर गेली तरी जाईना. प्रफुल्ल आधी महिन्यातून दोनदा यायचा. त्याला जहाजावरच्या धुळीने लागलेला दमा होता. त्या घरात अर्धा तास बसला की तो खिडकीशी जाऊन उभा राहायचा. मग ते खाली बागेतल्या बाकावर भेटू लागले. बागेत बसलं की येणारा-जाणारा मयूरीला विचारायचा, आज खाली कशा, वर सगळं ठीक ना.

दीड वर्ष संपलं त्या आठवड्यात आकडा चोवीस आला. मयूरीने बॅग भरायला काढली. देवळेबाईंना तिने फोन केला आणि उपचार पूर्ण झाल्याचा दाखला कधी मिळेल असं विचारलं.  आकडा अजून वाढतोय का ते पाहू, पुढच्या मोजणीपर्यंत चालू ठेवा, असं त्या म्हणाल्या. पुढच्या मोजणीलाही चोवीस आला. त्याच्या पुढच्यालाही. प्रत्येक वेळी उत्तर तेच: अजून तीन महिने.

तोवर इमारतीतली सहा घरं चांगल्या दराने विकली गेली होती. नवीन आलेल्या लोकांना मयूरी सावे कोण हे माहीत नव्हतं, दुसऱ्या मजल्यावर पालक राहतात एवढं माहीत होतं. तो मजकूर घर घेताना त्यांच्या करारनाम्यात असायचा. मयूरी पिशवी घेऊन फाटकाबाहेर पडली की वॉचमन परत कधी येणार ते विचारून घ्यायचा. तो अगदी आदराने विचारायचा, पण विचारायचा. एकदा ती बहिणीकडे चिंचणीला दोन दिवस राहिली, तेव्हा बोऱ्हाड्यांचे चार फोन आले. चौथ्या फोनला ते नुसते म्हणाले, "काही नाही हो, आवाज ऐकायचा होता."

मार्गशीर्षात प्रफुल्ल नारळाच्या झाडाला पाडलेल्या खाचांवरून घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. पालघरच्या इस्पितळात शस्त्रक्रिया ठरली. मयूरी मिळेल त्या गाडीने निघाली. नळ्या धुण्याचं काम समीनाने अंगावर घेतलं. पण दारावरचं यंत्र फक्त मयूरीचा अंगठा मोजत होतं.

शस्त्रक्रिया एक दिवस पुढे गेली. ती झाली तेव्हा मयूरीला बाहेर पडून एकोणसाठ तास झाले होते. प्रफुल्ल शुद्धीवर यायला संध्याकाळ झाली. त्याने पाणी मागितलं, तिने चमच्याने ओठांना लावलं. त्याने तिचा हात धरून ठेवला आणि पुन्हा झोपला. मयूरी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होती. पालघरहून खारनगर चार तास. फोनवर सोसायटीच्या ग्रुपमध्ये कोणी काही लिहिलं नव्हतं. पण त्या दिवशी एकतीस घरांतली माणसं सारखी ऑनलाइन येऊन जात होती ते तिला दिसत होतं.

प्रफुल्लने डोळे उघडले तेव्हा ती पर्स खांद्याला लावून उभी होती.

"किती उरले?" त्याने विचारलं.

"आठ तास. गाडी आत्ताच आहे. तुझ्या पुतण्याची बायको खाली आली आहे, ती राहील रात्री."

"मग जा."

"प्रफुल्ल, मी..."

"जा, मयूरी. मी रागावलो नाही. पण मला आता एक सांग, पुढच्या वेळी माझं काही झालं तर मी तुला कळवू की नको?"

तिने त्याच्या अंगावरची चादर सारखी केली आणि निघाली. एकोणसत्तराव्या तासाला ती घरी पोहोचली. दाराच्या यंत्रावर अंगठा टेकवला, आत गेली आणि वाफेने भरलेल्या खोलीत स्टुलावर बसून राहिली. बाहेर जिन्यात कोणीतरी दुसऱ्या कोणाला ती आल्याचं सांगत होतं.

त्यानंतरच्या आठवड्यात तिला एक गोष्ट खटकली. गेले कित्येक महिने नळ्यांच्या तोंडाशी चुना जवळपास जमतच नव्हता. ती हाताच्या सवयीने धूत होती, पण धुण्यासारखं काही नसायचं. तिने मापाचं भांडं घेतलं. कॉलममध्ये पंपाने सोडलेली पेज एक लिटर. खालच्या ताटलीत निथळून आलेली पेज एक लिटर, एखादा चमचा कमी. पाच दिवस तिने रोज मोजलं. आत काहीच जात नव्हतं.

सहाव्या दिवशी निथळलेल्या पाण्याची बाटली घेऊन ती आपल्या जुन्या लॅबमध्ये गेली. तिथल्या मुलींनी तिला खुर्ची दिली. तिने स्वतः काचपट्टी तयार केली, हिरवा रंग टाकून वाफेवर धरली, धुतली, मग गुलाबी रंग दिला. जिवंत, खातेपिते जिवाणू गुलाबी काड्यांसारखे दिसतात. कवच करून झोपलेले हिरव्या ठिपक्यांसारखे. सूक्ष्मदर्शकाखाली सगळीकडे हिरवे ठिपके होते. तिने चार काचपट्ट्या पाहिल्या. एकही गुलाबी काडी नव्हती.

भेगा केव्हाच बुजल्या होत्या. ती झोपलेल्या कॉलमला खाऊ घालत होती.

मंडळाच्या कार्यालयात देवळेबाईंनी तिचे कागद शांतपणे वाचले. दार लोटून घेतलं. मग म्हणाल्या की मलाही असंच वाटतं. सातवा कॉलम आता बाकीच्यांइतकाच मजबूत आहे. आकडा वाढत नाही, कारण इमारत मुळातच तेवढी आहे आणि बाकीचे सतरा कॉलमही वयाप्रमाणे उतरतायत.

"मग दाखला द्या," मयूरी म्हणाली.

"सावे मॅडम, दाखल्यावर लिहावं लागतं की पालक काढून घेतल्याने आकडा पडणार नाही. हे आत्तापर्यंत कुठल्याच इमारतीत तपासलेलं नाही. अशा नऊ इमारती आहेत. नऊही ठिकाणी पालक आहेत, नऊही ठिकाणी आकडा टिकून आहे. पालक आहे म्हणून टिकून आहे, की पालक असूनही टिकून आहे, हे कोणाला माहीत नाही. आणि उद्या कुठे काही पडलं, तर कागदावर शेवटची सही कोणाची होती तेच बघतील."

"म्हणजे कधीच नाही."

"सोसायटीने ठराव करून मागितलं, तर नव्वद दिवस उपचार थांबवून बघता येईल. तुमच्या सभेची परवानगी लागेल."

ती सभा रविवारी सकाळी गच्चीत झाली. मयूरीने काचपट्ट्यांची छायाचित्रं मोठी करून आणली होती. हिरवं म्हणजे काय, गुलाबी म्हणजे काय, सगळं सोप्या भाषेत सांगितलं. नव्वद दिवस पंप बंद ठेवू, मी घर सोडणार नाही, आकडा पडताना दिसला तर त्याच क्षणी चालू करू, असं म्हणाली. लोकांनी नीट ऐकून घेतलं. कोणी आवाज चढवला नाही. बोऱ्हाड्यांनी तिच्या सेवेबद्दल अगदी मनापासून आभाराचे शब्द काढले. मग ते म्हणाले की तुमचं शास्त्र बरोबरच असेल, पण आम्ही आमच्या लेकराबाळांना घेऊन वर झोपतो. महिन्यातले पंधरा दिवस मदतनीस देऊ, नळ्या धुवायला बाई ठेवू, तुम्हाला त्रास होऊ देणार नाही. फक्त बंद करू नका.

हात वर करायला सांगितले. ठरावाच्या बाजूने मयूरीचा एक. विरोधात अठ्ठावीस. समीनाने हात वर केला तेव्हा ती खाली, स्वतःच्या चपलांकडे बघत होती.

त्या दुपारी दोन वाजता मयूरी खोलीत गेली, पंपाचं बटण बंद केलं आणि खिडकी उघडली. अडीच वर्षांनी त्या खोलीत कोरडी हवा आली. तिने पलंग परत आत आणला. दारावरचं यंत्र तिचा अंगठा मोजत होतं, खोलीतली वाफ मोजत नव्हतं. नळ्या धुवायला ठेवलेल्या बाईंना तिने मी स्वतःच करते म्हणून परत पाठवलं. रोज तारीख घालून वहीत लिहीत गेली: पंप बंद. खोली इतके अंश. कॉलमला हात लावला, थंड.

तिला भीती वाटली नाही असं नाही. वरच्या घरात समीनाची मुलगी उड्या मारायची तेव्हा मयूरी कॉलमकडे बघायची. आपल्या सुटकेसाठी आपण त्या पोरीला धोक्यात घालतोय का, हा प्रश्न तिने स्वतःला पुष्कळदा विचारला. प्रत्येक वेळी ती उठून त्या चार काचपट्ट्यांची छायाचित्रं बघायची.

नव्वद दिवसांनी मोजणी झाली. चोवीस.

तिने वही आणि आकडा दोन्ही घेऊन सभा बोलावली आणि काय केलं ते सांगितलं. या वेळी लोकांनी आवाज चढवला. नव्याने घर घेतलेल्या एका गृहस्थांनी पोलिसांत जायची भाषा केली. बोऱ्हाडे उठून गेले. काहीही झालं नाही याचा आनंद कोणालाच झाला नाही. आपल्याला न विचारता झालं, एवढंच सगळ्यांच्या मनात राहिलं. मंडळाचं पत्र आठवड्याभरात आलं. नव्वद दिवसांची नोंद विनापरवानगी असल्याने ग्राह्य धरता येत नाही. अटींचा भंग केल्यामुळे श्रीमती सावे यांना पालकपदावरून दूर करण्यात येत आहे. पंधरा दिवसांत सोसायटीने दुसरा पालक नेमावा, अन्यथा पट्टा स्थगित. पत्राखाली देवळेबाईंची सही होती.

मयूरीने पत्र दोनदा वाचलं. ज्यासाठी ती तीन वर्षं धडपडत होती ते शिक्षा म्हणून मिळालं होतं.

चौदाव्या दिवशी समीना दारात उभी राहिली. हातात गादीची वळकटी होती.

"दुसरं कोणी तयार झालं नाही, ताई. आमचं कर्ज अजून सतरा वर्षांचं आहे."

मयूरीने तिला आत घेतलं, बसवलं, आणि कॉलमला काही होणार नाही हे पुन्हा एकदा सांगितलं. समीना ऐकत राहिली.

"तुमचं खरं असेल. पण मला खात्री नाही, आणि मला खात्री नसताना मी बंद नाही करू शकत. मला नळ्या धुवायला नीट शिकवा. त्या तीन दिवसांत मी घाईत केलं होतं."

मयूरीने शिकवलं. हातमोजे कसे घालायचे, आम्ल किती, कुठली नळी आधी. समीनाचा हात हलका होता, तिला लवकर जमलं. मयूरीला वाटलं, हिला शिकवणं म्हणजे हिला आत टाकून बाहेरून कडी लावणं. पण शिकवायला नकार दिला असता, तर ती चुकतमाकत करतच राहिली असती. शेवटी तिने आपली वही तिच्यापुढे ठेवली. मापाचं भांडं कुठे आहे तेही सांगितलं. मग दोन बॅगा घेऊन ती खाली उतरली. वॉचमनने परत कधी येणार असं विचारलं नाही.

केळव्यात पहिले काही दिवस तिला झोप लागली नाही. सकाळी सहाला, दुपारी दोनला हात आपोआप काहीतरी शोधायचे. प्रफुल्ल काठी घेऊन अंगणात चालायला लागला होता. पालघरचा विषय त्याने काढला नाही, तिनेच एकदा काढला. तो म्हणाला, तू गेलीस याचं वाईट वाटलं, तू घड्याळाकडे बघत होतीस याचं जास्त वाटलं. तेवढंच बोलणं झालं. पूर्वीसारखं सगळं झालं नव्हतं. पण तो दुपारच्या जेवणाला तिची वाट बघून थांबायचा आणि ती भाकरी टाकताना त्याच्याशी बोलायची.

सातव्या आठवड्यात समीनाचा फोन आला. आवाज दबलेला होता. मिरजेला तिच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला होता. ती जाऊन दोन दिवस राहून परत आली होती.

"अब्बांनी ओळखलं मला. अजून दोन दिवस थांब म्हणत होते, तोंडाने नीट बोलता येत नाही तरी. मी निघून आले, ताई."

 अंगणात प्रफुल्ल थांबून तिच्याकडे पाहत होता.

"आल्यावर मी तुमची वही उघडली," समीना म्हणाली. "मापाचं भांडं घेतलं. नऊ दिवस मोजलं, रोज तीन वेळा. जेवढी पेज आत जाते तेवढीच बाहेर येते. थेंबाचा फरक नाही. मग काल मी देवळेबाईंकडे गेले. मी म्हटलं, सही कोणाची हवी ते सांगा. त्या म्हणाल्या, सभेचा ठराव नसला तरी चालेल, पण राहणाऱ्यांपैकी बहुतेकांनी लेखी द्यायला हवं की आम्ही जोखीम समजून थांबवायला सांगतोय, मग मी पुढे पाठवू शकते. तुमच्या वेळी एकच नाव होतं."

"आता किती आहेत?"

"माझं आहे. आमच्या ह्यांचं आहे, त्यांना दोन दिवस लागले. सासूबाई म्हणतात आधी मयूरीची सही दाखव, मग मी करते. बोऱ्हाडेकाकांच्या घरी मी आज संध्याकाळी जाणार आहे. ते दार उघडतील की नाही माहीत नाही."

"उघडतील," मयूरी म्हणाली. "पण आधी आकडे नीट उतरवून घे. तारीख, वेळ, आत किती, बाहेर किती. थांब, मीही लिहून घेते. दोन ठिकाणी असलेले बरे."

प्रफुल्लने आतून कागद आणि पेन आणून तिच्यापुढे ठेवलं. मयूरी पायरीवर बसली. समीना एकेक आकडा वाचत गेली, आणि ती लिहीत गेली.